शिळं पान

शोभाताई सूर्यवंशींना कुणी "आज वार कोणता?" असं सहज विचारलं तरी त्या दचकायच्या. आधी विचारणाऱ्याच्या तोंडाकडे बघायच्या, मग मोबाईलकडे, मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे, आणि उत्तर द्यायचं सोडून उलट विचारायच्या, "का ओ? काय झालं?"

काहीच झालेलं नसायचं. पण त्यांचा प्रश्न इतका मनापासून असायचा, की विचारणाऱ्यालाच वाटायचं, झालंय वाटतं काहीतरी.

लातूरला औसा रोडवर एका मेडिकलच्या वर आमचं ऑफिस. मालक बिराजदार सर, शोभाताई, मी आणि अजून दोघं, एवढीच माणसं. आमचं मुख्य काम एकच होतं. एका संस्थेची लातूर, उदगीर, अहमदपूर आणि नांदेडला डायलिसिस सेंटरं होती. किडनी निकामी झालेल्या माणसाला आठवड्यातून दोनदा-तीनदा मशीनवर जावं लागतं. कुणाची पाळी कोणत्या वारी, कोणत्या मशीनवर, किती वाजता, याचं वेळापत्रक आम्ही इंटरनेटवर चालवायचो. सिस्टर लोक सेंटरवरून त्यात बदल करायचे आणि घरची माणसं मोबाईलवर आपल्या माणसाची पाळी बघायची. दिसायला एक साधं कॅलेंडर. महिन्याच्या चौकटी, चौकटीत नावं.

मी अहमदपूरचा. कॉलेज संपवून नुकताच लागलो होतो. पहिल्याच दिवशी शोभाताईंनी मला शेजारी बसवलं, स्क्रीनवर उदगीर सेंटरचं पान उघडलं आणि म्हणाल्या, "बालाजी, हे आत्ताचं हाय का मघाचं?"

मला प्रश्नच कळला नाही. मी म्हणालो, "आत्ताच उघडलं की ताई तुम्ही."

"उघडलं आत्ता. पण हाय कधीचं?"

मग त्यांनी उदगीरला फोन लावला. तिकडच्या सिस्टरला भिंतीवरच्या फळ्यावरची नावं वाचायला लावली आणि मला स्क्रीनवर बोट ठेवत जायला सांगितलं. सगळी नावं जुळली. शोभाताईंनी फोन ठेवला, पाणी प्यायल्या, आणि थोड्या वेळानं परत तेच पान उघडून बघितलं.

त्यांचं वय तेव्हा पंचेचाळीसच्या आसपास असेल. मूळ उदगीरच्या. पुण्यात बरीच वर्षं मोठ्या कंपनीत काढून आईसाठी लातूरला परत आलेल्या. लग्न केलेलं नव्हतं. उंच, किरकोळ, चष्म्याच्या काड्या सतत कानामागे सारख्या करणाऱ्या. कामात त्यांचा हात धरणारं आमच्यात कुणी नव्हतं, पण त्यांच्याबरोबर काम करणं सोपंही नव्हतं. आपण काही तरी करून "झालं ताई" म्हणावं, तर त्या "कशावरून?" म्हणायच्या. रागानं नाही. काळजीनं. आणि काळजीनं विचारलेल्या प्रश्नावर माणसाला चिडताही येत नाही.

ही काळजी फक्त कामापुरती नव्हती. दूधवाल्याला "आजचंच ना?" असं विचारायच्या. एसटी स्टँडवर फलाटाला बस लागलेली असली, तिच्यावर पाटी असली, तरी कंडक्टरला विचारायच्या, ड्रायव्हरला विचारायच्या, आणि शेवटी आत बसलेल्या एखाद्या म्हातारीलाही. मला वाटायचं, या बाईच्या आयुष्यात काहीतरी मोठं घडून गेलेलं असणार, त्याशिवाय माणूस असं वागत नाही. एकदा त्यांच्या घरी जेवायला गेलो होतो. त्या आत भाकरी करत होत्या तेव्हा मी त्यांच्या आईला हळूच विचारलं. आई पौर्णिमेची विहारात जाऊन आलेल्या, पांढरं लुगडं, अगदी निवांत बाई. हसून म्हणाल्या, "कारण कशाचं रे बाबा? काईच न्हाई. जल्मली तवा दुसरी लेकरं डोळे मिटून रडत्यात. ही डोळे उघडे ठिवून बघून राहिली होती. तवापासून हे असंच."

आतून आवाज आला, "काय म्हणून राहिलीस गं आई? काय झालं?"

"काई न्हाई! भाकर जळंल बघ!" आई ओरडल्या, आणि माझ्याकडे बघून डोळे मिचकावले.

आमचं ते कॅलेंडर हळूहळू जड व्हायला लागलं होतं. कुणी पान उघडलं, की प्रोग्राम आत साठ्यात जायचा; कोणता पेशंट, कोणतं मशीन, कोणता डॉक्टर, कुणाची रजा, हे सगळं गोळा करायचा आणि तेवढ्यापुरतं पान नव्यानं बनवून द्यायचा. दुसऱ्यानं तेच पान मागितलं, की परत पहिल्यापासून. सकाळी सगळी सेंटरं एकदम उघडायची, नातेवाईकही त्याच वेळी मोबाईल काढायचे, आणि आमचा सर्व्हर धाप लागल्यासारखा व्हायचा. पान यायचंच नाही. नांदेडच्या सिस्टरांनी तर सरळ सांगितलं, "तुमचं ते चाक गोल गोल फिरतंय तोवर आमचा पेशंट मशीनवर चढून उतरतोय बी."

बिराजदार सर म्हणाले, "एकदा बनवलेलं पान ठेवून द्या की. मागंल त्याला तेच द्या. सगळं जग तसंच करतंय."

याला आमच्या धंद्यात कॅश म्हणतात. शोभाताई त्याला 'शिळं' म्हणायच्या. "सर, ताजं द्यायला वेळ लागतो म्हणून शिळं वाढायचं म्हणता. वाढू. पण शिळं कधी टाकून द्यायचं ते कोण ठरवणार?"

"तुम्ही ठरवा. तुमच्याइतकं कोण ठरवणार?" सर म्हणाले. त्यांनी ते कौतुकानं म्हटलं होतं. शोभाताईंचा चेहरा मात्र उतरला.

त्यांनी काम सुरू केलं. पाळीत काही बदल झाला, की त्या दिवसाचं ठेवलेलं पान फेकायचं, म्हणजे पुढच्या माणसाला नवं बनून मिळेल. ऐकायला सोपं. पण तीच पाळी आठवड्याच्या पानावर असते, महिन्याच्या पानावर असते, डॉक्टरच्या पानावर असते. एक नाव हललं, की कुठली कुठली पानं खोटी पडली हे शोधत बसावं लागायचं. शोभाताई कागदावर चौकटी काढायच्या, बाण काढायच्या, फाडायच्या. जेवताना मध्येच घास हातात धरून म्हणायच्या, "सिस्टर छापून घेतात ते पान राहिलं!" आणि उठायच्या.

ऑफिसापुरतं चालू करून बघितलं तेव्हा पहिल्याच बुधवारी गंमत झाली. कॅलेंडरमध्ये आजच्या दिवसाची चौकट पिवळी दिसायची. सकाळी पान उघडलं तर पिवळा मंगळवार. आदल्या दिवशी बनवून ठेवलेलं पान होतं, त्यात आदल्या दिवशीचा 'आज' तसाच राहून गेला होता. बिराजदार सर मोठ्यानं हसले. "चला, एक दिवस फुकट मिळाला!"

शोभाताई खुर्चीवर बसल्या. "सर, यात हसण्यासारखं काय हाय? पानाला कळत न्हाई, आपण कालचं हाय म्हणून. ते आजचं म्हणूनच सांगून राहिलंय. आणि बघणाऱ्याला कसं कळावं?"

ते त्यांनी लगेच दुरुस्त केलं. पिवळा रंग पानात न साठवता बघणाऱ्याच्या मोबाईलनं स्वतः भरायचा, असं केलं. पण सगळ्यांसाठी चालू करण्याआधी त्यांनी ऑफिसात आम्हाला गोल करून बसवलं. प्रत्येकाच्या हातात वेगळा मोबाईल, प्रत्येक जण वेगळा नातेवाईक. बिराजदार सरांच्या मिसेस डबा घेऊन आल्या होत्या, त्यांनाही बसवलं. शोभाताई मधोमध उभ्या. "वहिनी, तुम्हाला कुणाचं नाव दिसून राहिलंय?"

वहिनी म्हणाल्या, "शेख चाचांचं."

"पण तुम्ही तर जाधवांच्या सून हायात!"

"आता मी काय करू ओ? मला चाचाच दिसून राहिलेत."

जाधवांच्या घरी शेख चाचांची पाळी, आजार, फोन नंबर, सगळं दिसलं असतं. ठेवलेलं पान कुणासाठी बनवलं होतं, हे न बघताच ते दुसऱ्याला जात होतं. त्या दिवशी सगळे हसत होते, वहिनीही हसत होत्या. शोभाताई तेवढ्या हसल्या नाहीत. दोन आठवडे त्यांनी आम्हाला असंच गोल बसवलं. शेवटी वहिनी डबा खालच्या मेडिकलवाल्याकडे ठेवून परत जायला लागल्या.

मग ते चालू झालं आणि खरंच पळायला लागलं. पान बोट लावताच उघडायचं. नांदेडहून सिस्टरांचा फोन आला, "लई बेस झालं बघा." नातेवाईकांना सवय लागली. आधी पाळीत बदल झाला की सिस्टर घरोघरी फोन करायच्या. आता कशाला, सगळे मोबाईलवर बघतातच, म्हणून तेही बंद पडलं. हे बंद पडलेलं आम्हाला कुणी सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही. शोभाताईंना विचारायचं सुचलं नाही अशी गोष्ट माझ्या आठवणीत ही एकच.

उन्हाळ्याचे दिवस होते, सोमवार होता. दुपारच्या आत शोभाताईंनी नेहमीसारखा उदगीरला फोन लावला. बदल झाला की न झाला, त्या रोज एका तरी सेंटरला फोन करायच्याच. फोन स्पीकरवर होता.

"सिस्टर, कसं चाललंय?"

"आज निवांत हाय ओ मॅडम. उद्याचे पेशंट आजच बोलावलेत ना आम्ही. पाण्याचा प्लांट दुरुस्तीला काढायचाय, उद्या परवा सेंटर बंदच हाय. पण बरेच जण आलेच न्हाईत बघा. काय झालं की."

शोभाताईंचा हात चष्म्याकडे गेला आणि तिथंच राहिला. "बदल तुम्ही कधी टाकला?"

"शनिवारीच टाकला की."

त्यांनी सेंटरचं पान उघडलं. त्यात बदल बरोबर दिसत होता. मग नातेवाईकांना दिसणारं पान उघडलं, 'आपली पुढची पाळी' म्हणून जे असतं ते. त्यावर मंगळवार होता. दुसरा पेशंट उघडला. मंगळवार. तिसरा. मंगळवार.

त्या इतक्या हळू बोलल्या की मला वाकून ऐकावं लागलं. "दर मंगळवारी पाळी हा नियम तसाच हाय, म्हणून जुनं पान फेकलंच गेलं न्हाई. बदल फक्त या एका मंगळवारचा. नियम बदलला तरच फेकायचं असं मी लिहिलंय. मी लिहिलंय बालाजी हे."

पुढच्या काही मिनिटांत त्यांनी पहिलं काम केलं ते म्हणजे पानं साठवायचं सगळं प्रकरणच बंद करून टाकलं. बिराजदार सर धावत आले. "अहो, सगळं हळू होईल!"

"होऊ दे हळू. हळू चालंल. खोटं न्हाई चालायचं."

मग आम्ही सगळे फोनला बसलो. जो उचलेल त्याला एकच सांगायचं: पाळी उद्या नाही, आज आहे, असाल तसे निघा. कुणी शेतात होतं, कुणी लग्नाला. बहुतेक जण संध्याकाळपर्यंत पोचतो म्हणाले. एकाचा फोन लागेना. निवृत्तीराव म्हणून देवणीच्या पुढच्या एका गावातले म्हातारे. मंगळवार आणि शुक्रवार त्यांची पाळी. फोन बंद. सुनेचा नंबर होता, तोही बंद. ग्रामपंचायतीचा वाजून वाजून थांबला.

सिस्टर तिकडून म्हणाल्या, "मॅडम, त्यांच्या अंगात पाणी लई साठतंय. गेल्या शुक्रवारनंतर एकदम या शुक्रवारी म्हणलं तर अवघड हाय."

शोभाताई उठल्या. "सर, गाडी काढा."

बिराजदार सरांनी गाडी काढली. मला मागं बसवलं, फोन लावत राहायला. वाटेत ऊन असं होतं की डांबर चमकत होतं. शोभाताई पुढच्या सीटवर ताठ बसलेल्या, हात मांडीवर. रेल्वे फाटक लागलं, मालगाडी जात होती, संपेचना. सर म्हणाले, "मॅडम, पोचतोय आपण. आणि एक बोलू का? संस्थेला आपण नेट डाऊन होतं म्हणून सांगू. कुणाचं काय जाणार हाय?"

शोभाताई मालगाडीच्या डब्यांकडे बघत राहिल्या. फाटक उघडल्यावर म्हणाल्या, "आधी ते भेटू द्या सर."

गावात शिरल्यावर घर लगेच सापडलं. अंगणात शेडाखाली काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची देवणी गाय बांधलेली. ओसरीवर बाजेवर निवृत्तीराव उशीला टेकून बसलेले. आडवं होता येत नव्हतं म्हणून बसलेले. पाय सुजून चकचकीत झाले होते. आम्हाला बघून त्यांनी टोपी सारखी केली.

"कोन पाहुणे?"

शोभाताई पायरीवरूनच म्हणाल्या, "बाबा, फोन का बंद हाय तुमचा?"

"सकाळधरनं लाईट न्हाई बाई. कोन तुमी?"

सून आतून हात पुसत आली. शोभाताईंनी सांगितलं, उदगीरला चला, पाळी आज आहे. सून म्हणाली, "न्हाई ओ, उद्या हाय. काल मी बघितलं की मोबाईलवर. मंगळवार म्हणून लिवलंय, माझ्या डोळ्यानं बघितलं."

"ते खोटं हाय," शोभाताई म्हणाल्या. "ते पान मी बनवलंय. माझी चूक झाली त्यात."

सुनेचा आवाज चढला. "चूक झाली म्हंजी? पयले सिस्टरचा फोन यायचा आमाला. तुमीच म्हणला मोबाईलवर बघा. आमी तुमच्या पानावर इस्वास ठिवला ओ मॅडम! काल रातीपासनं दम लागून राहिलाय त्यास्नी. मीच म्हणलं, मामा, उद्या हायच की पाळी, एवडी कळ काढा."

सरांनी पुढं होऊन "ताई, आधी निघू" म्हणून तिला शांत केलं. निवृत्तीराव मात्र उठायला तयार नव्हते. मळका सदरा घालून दवाखान्यात कसं जायचं म्हणून. शोभाताईंनी खुंटीवरचा धुतलेला सदरा काढला आणि त्यांच्या अंगात घालायला लागल्या. घाईत गुंडी भलत्याच काजात जायला लागली. म्हाताऱ्यानं त्यांचा हात बाजूला केला आणि आपली गुंडी आपणच लावली. "सावकाश, पोरी," म्हणाले.

गाडीत त्यांना मागं, माझ्या आणि शोभाताईंच्या मधे बसवलं. सून पुढं. श्वास घेताना त्यांच्या छातीतून पाणी खळखळल्यासारखा आवाज यायचा. त्यांचं डोकं शोभाताईंच्या खांद्यावर टेकलं होतं. शोभाताई त्यांना बोलतं ठेवत होत्या. गाय किती दूध देते, ज्वारी निघाली का, लेक कुठं असते. उत्तर यायला वेळ लागला, की त्या माझ्याकडे बघायच्या. ते बघणं मी कधी विसरणार नाही. माझ्याकडे उत्तर असल्यासारखं बघत होत्या.

उदगीरला सिस्टर दारातच उभ्या होत्या, मशीन लावून तयार. डॉक्टरांनी बघितलं, आत घेतलं. आम्ही बाहेर बाकावर. सुनेनं शोभाताईंपासून दूरचा बाक धरला होता. बराच वेळ गेल्यावर डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, "आलात ते बरं झालं. आता ठीक आहेत." सून रडली. मग उठून नळावर गेली, तांब्याभर पाणी आणलं आणि आधी शोभाताईंपुढं धरलं.

आत गेलो तेव्हा निवृत्तीराव सिस्टरकडे चुरमुरे मागत होते. शोभाताईंकडे बघून म्हणाले, "आता तरी सांग, कोन तू? कुनाची?"

सिस्टर म्हणाल्या, "मॅडम कंप्युटरवाल्या हायेत, बाबा."

"मग हिला बी कायतरी खायला द्या," म्हातारे म्हणाले. "हिलाच दम जास्त लागलाय."

बाहेर आल्या आल्या शोभाताईंनी संस्थेच्या मॅनेजरला फोन लावला. बिराजदार सर समोर उभे होते, पण त्यांनी अडवलं नाही. "कॅशमध्ये चूक होती, माझी होती," असं त्या सांगत होत्या आणि मॅनेजर तिकडून घाबरून विचारत होता, "कॅश? किती कमी आहे?" तीनदा समजावून सांगावं लागलं. एरवी आम्ही हसलो असतो.

मॅनेजर ओरडला, पण काम काढून घेतलं नाही. सेंटरांनी फोन करायचं परत सुरू केलं. ती शोभाताईंचीच अट होती. आणि त्यांनी सगळं नव्यानं लिहिलं. कोणतं पान खोटं पडलं हे शोधत बसायचंच नाही. प्रत्येक पेशंटला एक आकडा दिला. त्याच्या बाबतीत काहीही हललं, एका दिवसाची वेळ हलली तरी, तो आकडा एकानं वाढायचा. पान देताना आधी आकडा बघायचा. जुन्या आकड्याचं पान असेल तर ते कुणाला जाणारच नाही. आणि पानाखाली एक ओळ टाकली: हे पान अमुक वेळेला बनलेलं आहे, शंका वाटली तर सेंटरला फोन करा. त्यानंतर मी तिथं असेपर्यंत तरी एकही पान खोटं निघालं नाही.

मला वाटलं होतं, आता यांची काळजी मिटेल. उलटंच झालं. पूर्वी त्या जगावर संशय घ्यायच्या, आता स्वतःवर घ्यायला लागल्या. लिहिलेलं पुन्हा पुन्हा वाचायच्या. बोलता बोलता गप्प व्हायच्या. वजन उतरलं. आम्ही त्यांना सांभाळून घ्यायचो आणि मनातून वैतागायचोही. ऑफिसातला एक जण तर त्या आल्या की कानात हेडफोन घालायचा. दर सोमवारी आणि गुरुवारी त्या निवृत्तीरावांना फोन करायच्या, "बाबा, उद्या पाळी हाय बरं का."

सुरुवातीला म्हातारे "हाव हाव" म्हणायचे. मग चिडायला लागले. "येतो की ओ! मला काय वार कळत न्हाईत?" आणि मग एक दिवस वेगळंच घडलं. मंगळवारी सकाळी शोभाताईंचाच फोन वाजला. तिकडून निवृत्तीराव. "निघालो गं मी. गाडीत बसलोय. तू जेवलीस का?" दुपारी परत. "पोचलो. मशीनवर हाय." संध्याकाळी परत. "घरी आलो. आता तू बी घरी जा."

तेव्हापासून दर पाळीला त्यांचा फोन यायचा. म्हाताऱ्याला धड दम नव्हता, पण ते काम त्यांनी कधी चुकवलं नाही. फोन आला की शोभाताईंचे खांदे खाली यायचे, हे मी बघायचो. तेवढ्यापुरते.

वर्षभरानं त्यांनी नोकरी सोडली. नांदेडला मुलींच्या एका कॉलेजात कंप्युटर शिकवायला लागल्या. रक्तदाब वाढला होता, डॉक्टरनं सांगितलं होतं. जायच्या दिवशी त्यांनी मला दोन तास सगळं समजावून सांगितलं, आणि जिन्यात जाऊन परत आल्या. "बालाजी, एकदा उदगीरचं उघड बरं." मी उघडलं. त्यांनी बघितलं, मान हलवली आणि गेल्या.

परवा मी आईला गाडीत बसवून द्यायला अहमदपूरच्या स्टँडवर गेलो होतो. शेजारच्या फलाटाला लातूर-नांदेड गाडी लागलेली. सहज वर बघितलं तर खिडकीत शोभाताई. केस बरेच पांढरे झालेले. गजाला डोकं टेकवून झोपल्या होत्या, चष्मा नाकावर घसरलेला, तोंड किंचित उघडं. मांडीवरची पिशवी कलंडून तिच्यातली मोसंबी शेजारच्या बाईनं हातानं धरून ठेवली होती. फेरीवाले ओरडत होते, खारे शेंगदाणे, थंड पाणी, अगदी त्यांच्या कानाशी. त्यांना काही नव्हतं.

मी खिडकीवर वाजवायला हात वर केला आणि खाली घेतला. मग मलाच राहवेना. गाडी हलायच्या बेतात होती. मी दाराशी जाऊन कंडक्टरला म्हणालो, "त्या खिडकीतल्या बाई नांदेडलाच उतरणार ना? मधे कुठं उतरायचं तर नसंल?"

कंडक्टरनं आत वाकून बघितलं. "तिकीट नांदेडचंच हाय. का ओ? काय काम होतं? उठवू का?"

"नका," मी म्हणालो. "नका उठवू."

त्यानं घंटी दिली. फाटकाजवळच्या खड्ड्यात गाडी जोरात आदळली, सगळे प्रवासी एकदम उसळले. शोभाताईंचं डोकं गजावरून घसरून शेजारच्या बाईच्या खांद्यावर गेलं आणि तिथंच राहिलं. गाडी लोह्याच्या रस्त्याला लागली.